फिअर्टेल द्राय म्हणजे किती वाजले?

पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला आल्यावर पहिल्याच वर्षी मी पालकसभेला तासभर उशिरा पोचले. मुख्याध्यापिकाबाईंनी आदल्या दिवशी जिन्यात गाठून वेळ सांगितली होती, "फिअर्टेल द्राय." जर्मनची सी-वन, म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झालेली. ऐकलं, मनातल्या मनात 'सव्वातीन' अशी नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी सव्वातीनला पाच कमी असताना ऐटीत वर्गात शिरले. तिथे खुर्च्या आवरायचं काम चाललं होतं.

फिअर्टेल द्राय म्हणजे सव्वादोन. तिसऱ्या तासाचा पाव भाग सरला, म्हणून 'पाव-तीन'. पावणेतीन म्हणजे 'द्रायफिअर्टेल द्राय', पाऊण-तीन. मी शिकले त्या पुस्तकात सव्वादोनला 'फिअर्टेल नाख त्स्वाय' होतं, दोननंतर पाव. तेही बरोबरच. पण पूर्व जर्मनीत आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात लोक पाव-तीन म्हणतात, आणि त्यात आपण काही वेगळं बोलतोय असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

रात्री भांडी विसळताना लक्षात आलं की मराठी माणसाने तरी इथे ठेचकाळायला नको होतं. आपलं 'अडीच' आलंय 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मनमध्ये अडीच वाजले की 'हाल्प द्राय', अर्धा-तीन. हिशोब तोच. 'दीड' हा 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा, आणि जर्मनमध्ये दीडला जो 'आंडरटहाल्प' शब्द आहे त्याच्या पोटातही दुसरा अर्धाच बसलाय. एकवीस, बावीस म्हणताना आपण एकम आधी म्हणतो, तेही तसंच. इंग्रजीतून जर्मन शिकलेली मंडळी या आकड्यांपायी रडकुंडीला येतात. मी जर्मन शिकले तीही इंग्रजीतूनच, मराठीतून शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असो, तो वेगळा राग आहे.

सध्या मी आठवड्याचे चार दिवस शाळेत 'दात्स' शिकवते, म्हणजे दुसरी भाषा म्हणून जर्मन. नव्याने आलेली मुलं सॅक्सनीत, म्हणजे लाइपझिग ज्या राज्यात आहे तिथे, आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसतात. हा पहिला टप्पा. मग खेळ, चित्रकला, गणित अशा विषयांपुरती नेहमीच्या वर्गात जायला लागतात, तो दुसरा. तिसऱ्यात पूर्णवेळ तिकडे, पण भाषेचा आधार चालू. गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठात माझा एक सेमिनार असतो, पुढे शिक्षक होणाऱ्या मुलामुलींसाठी. त्याच्या लांबलचक नावात 'विविधता' हा शब्द आहे. दर सत्राच्या पहिल्या तासाला कुणीतरी वही उघडून विचारतंच, की हा विविधतेचा भाग साधारण कितव्या धड्यात घ्यायचा?

त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. पुस्तकं तशीच असतात. अकरा धडे कुटुंब, खरेदी, सुट्टी, डॉक्टर, आणि बाराव्यात एक फोटो: डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, फुटबॉल घेतलेला काळा तरुण, सगळे हसताहेत. खाली प्रश्न, 'तुम्हाला चित्रात काय दिसतं?' मला दिसतं ते हे, की पुढच्या पानावर परत डॉक्टर आहे आणि तो गोरा आहे. मी त्यांना माझी पालकसभेची गोष्ट सांगते. बाराव्या धड्याची वाट कशाला बघायची? दुसऱ्या धड्यात घड्याळ आहे की.

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे तर बेकरीगणिक बदलते. सकाळच्या छोट्या गोल पावाला पुस्तकात 'ब्र्योटशन', बर्लिनमध्ये 'श्रिपे', बव्हेरियात 'झेमल', श्टुटगार्टकडे 'वेकले'. ऑस्ट्रियात जानेवारीला 'येनर' म्हणतात आणि टोमॅटोला 'पाराडायझर'. स्वित्झर्लंडमध्ये सायकल म्हणजे 'वेलो', आणि आम्ही मुलांकडून घोटून घेतो ते 'एसत्सेट' नावाचं अक्षर तिथे लिहीतच नाहीत. म्हणजे माझ्या वर्गात लाल शाई खाणारी गोष्ट झुरिचच्या शाळेत बरोबर.

हे शिक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1990 मध्ये ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पूर्व जर्मनी अशा चार ठिकाणच्या जाणकारांनी मिळून काही सूत्रं मांडली: जर्मन शिकवताना एकाच देशाचं जर्मन आणि एकाच देशाचं जीवन शिकवू नका. देशांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'एबीसीडी सूत्रं' म्हणतात. त्यातला 'डी' म्हणजे पूर्व जर्मनी, जी त्याच वर्षी ऑक्टोबरात नकाशावरून गेली. चारातला एक देश सही करताकरता नाहीसा झाला, याची मला दर वेळी गंमत वाटते. सेमिनारमध्ये मात्र कुणी हसत नाही. त्यांच्या आईवडिलांचा देश तो. पुढे गोएथे इन्स्टिट्यूट, ऑस्ट्रियाची परीक्षा संस्था आणि स्वित्झर्लंडचं फ्रिबूर्ग विद्यापीठ यांनी मिळून बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षाही तयार केली. म्हणजे कागदावर सगळं ठीक आहे. आता वर्गात काय होतं ते सांगते.

माझा एक चौदा वर्षांचा विद्यार्थी मैदानावर जर्मन शिकला, वर्गात नाही. तो 'इख'ला 'इश' म्हणतो, 'मी'ला. बर्लिनमधल्या पोरांचं बोलणं मोबाइलवर ऐकून 'लास मा' (चला, करूया) आणि 'वल्ला' (देवाशपथ) हेसुद्धा आलंय. माझ्या एक सहकारी बाई आहेत, कडक पण मायाळू. त्या त्याला दारात अडवून दर वेळी सुधारतात, "इश नाही, इख!" एकदा मी शेजारी उभी होते. दुरुस्ती करून बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "इश काँ नीश मेअ." मला आता होत नाही बाई, अशा अर्थाचं. बाई अस्सल सॅक्सन. सॅक्सनीत इख हा इश होतो, पिढ्यानपिढ्या. कॉफीला त्या 'गाफे' म्हणतात, आणि फोनवर नाव सांगताना समोरचा त्यांना विचारतो, "कडक ब की मऊ ब?" प, फ, ब, भ असे चार वेगवेगळे कप्पे घेऊन वाढलेल्या माझ्या कानाला ही चैन वाटते.

मुलगा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. मीही नाही. बाईंचा इश हा 'बोली', म्हणून गोड, आणि त्याचा इश 'बिघडलेलं जर्मन'. हायके वीझे नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनच्या वस्त्यांमधल्या या 'कीझडॉइच'वर 2012 मध्ये पुस्तक लिहिलं आणि ती जर्मनचीच एक बोली आहे असं म्हटलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढा गदारोळ झाला. पोरं शब्दयोगी अव्यय गाळतात, 'मी अलेक्झांडरप्लाट्झ उतरतो' म्हणतात, ही तक्रार. वीझेबाईंनी दाखवलं की बसथांब्यांच्या बाबतीत बर्लिनचे सभ्य काकाही तेच करतात.

सेमिनारमध्ये मी हा प्रसंग दरवर्षी ठेवते, बाईंची ओळख लागणार नाही असा बदलून. परीक्षेत त्याला 'इख'च लागणार, ते मी त्याच्याकडून करून घेतेच, प्रमाण भाषा न शिकवणं म्हणजे त्याची फसवणूक. प्रश्न दारात अडवण्याचा आहे.

दात्सच्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला मी एक जुना, पुष्कळ शिक्षकांनी वापरलेला प्रयोग करते. कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा. तुला येणाऱ्या प्रत्येक भाषेला एक रंग दे आणि ती भाषा अंगात जिथे राहते तिथे रंगव. पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं होतं, मुलं देशांच्या झेंड्यांचे रंग भरून मोकळी होतील. काहींनी तसंच केलं. एका बाराएक वर्षांच्या सीरियन मुलीने मात्र आधी पेन्सिली टोकदार करण्यात दहा मिनिटं घालवली. मग पोट हिरवं केलं: कुर्दी. दोन्ही पाय तपकिरी: अरबी, शाळेची आणि रस्त्याची भाषा, "चालत आले त्यात". डोळ्यांच्या जागी दोन जांभळे ठिपके, तुर्की, कारण मधली दोन वर्षं तिकडे होते आणि ती मालिका बघून शिकली. इंग्रजी केसांमध्ये. मग जर्मनसाठी निळी पेन्सिल घेतली आणि थांबली. शेवटी उजव्या हाताची फक्त बोटं रंगवली, मनगटापर्यंतही नाही.

मी विचारलं, तोंडात का नाही? ती म्हणाली, "लिहिते मी. बोलते तेव्हा सगळे वाट बघतात."

तिच्या फाइलवर 'पूर्वज्ञान' या रकान्यात मीच लिहिलं होतं: जर्मन नाही, इंग्रजी थोडं. चार भाषांच्या पोरीबद्दल. त्या दिवशी रकान्यात जागा नव्हती तर मागच्या बाजूला लिहिलं. आणि तेव्हापासून प्रश्न विचारला की घड्याळाकडे न बघता मनात दहा आकडे मोजते. मुलं म्हणतात, बाई मध्येच झोपतात.

आता माझी स्वतःची फजिती, कारण नाहीतर वाटेल की मला सगळं कळतं. तीन वर्षांपूर्वी सेमिनारमध्ये पहिला धडा कसा घ्यावा याचं प्रात्यक्षिक करत होते. पहिला धडा म्हणजे 'वी हाइस्ट डू, वोहेअर कॉम्स्ट डू', नाव काय, कुठून आलीस. पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीला विचारलं, "वोहेअर कॉम्स्ट डू?" ती म्हणाली, "आउस ग्रिमा." ग्रिमा हे इथून जवळचं, मुल्डे नदीवरचं छोटं गाव. आणि माझ्या तोंडून, भारतातून आलेल्या, ज्या प्रश्नाने ट्रामपासून दवाखान्यापर्यंत मला स्वतःला पिडलंय त्या माझ्या तोंडून, निघालं, "नाही, म्हणजे मूळची?"

वर्ग गप्प. तिचे आईवडील व्हिएतनामचे. ती शांतपणे म्हणाली, "ग्रिमाच्या दवाखान्यातली." आणि हसली, मला सोडवायला. तास संपल्यावर मी माफी मागितली, तेव्हा तिने जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

स्थलांतराचा धडा आला की पुस्तकांमध्ये ठरलेला इतिहास असतो. 1955 मध्ये इटलीशी करार, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, 'गास्टआर्बाइटर' म्हणजे पाहुणे कामगार, 1973 मध्ये भरती बंद. सोबत तो प्रसिद्ध फोटो: 10 सप्टेंबर 1964, कोलोनचं डॉइट्झ स्थानक, पोर्तुगालहून आलेला दहा लाखावा कामगार आर्मांदो रॉद्रिगेस आणि त्याला भेट दिलेली मोपेड. मोपेड आता बॉनच्या संग्रहालयात आहे. सगळं खरं. पण हा सगळा पश्चिम जर्मनीचा इतिहास, आणि आम्ही तो लाइपझिगमध्ये शिकवतो! इथे आले ते 'फरट्राग्सआर्बाइटर', कंत्राटी कामगार: 1979 च्या करारानंतर मोझांबिकमधून, 1980 नंतर व्हिएतनाममधून, शिवाय क्युबा, अंगोला. 1989 च्या अखेरीला पूर्व जर्मनीत सुमारे 60,000 व्हिएतनामी कामगार होते. वेगळ्या वसतिगृहांत राहायचं, कुटुंब आणायचं नाही. बाईला दिवस गेले तर गर्भपात नाहीतर परतीचं विमान, हा नियम अगदी शेवटी सैल झाला. मोझांबिकच्या कामगारांच्या पगारातला हिस्सा घरी गेल्यावर मिळेल म्हणून कापून घेतला गेला. त्यांतले बरेच जण म्हातारे झाले तरी राजधानी मापुतोच्या रस्त्यावर ते पैसे मागत राहिले.

ग्रिमाच्या त्या विद्यार्थिनीची आई सॅक्सनीतल्या एका कापडगिरणीत होती. भिंत पडल्यावर गिरणी बंद, करार रद्द, देशच रद्द. मग भाजी, फुलं, शिवणकाम. आज पूर्वेतल्या कुठल्याही शहरात फुलांचं दुकान व्हिएतनामी कुटुंबाचं का असतं, याचं उत्तर त्यात आहे, आणि ते आमच्या पुस्तकात नाही. मी तेव्हापासून रॉद्रिगेसच्या मोपेडशेजारी सेमिनारमधल्या मुलांकडूनच मजकूर मागते: तुमच्या गावात कोण आलं, कधी, कुठल्या कारखान्यात? पोरं आजीला विचारून येतात. मागच्या वर्षी एकाने आजीच्या कारखान्यातला नाताळाचा फोटो आणला. मागच्या रांगेत चार क्यूबन तरुण, आणि आजीला त्यातल्या एकाचंही नाव सांगता येईना.

आणि 'कुठून आलीस'ऐवजी मी आता काय विचारते? 'कुठे राहतोस', 'शाळेत कशाने येतोस'. सात नंबरच्या ट्रामवर बोलायला वर्गातल्या प्रत्येकाकडे काही ना काही असतं, मुख्यतः शिव्या.

ताऱ्याबद्दल लिहायचं टाळणार होते, पण ते टाळलं तर वाचक म्हणतील बाई घाबरल्या. जर्मनमध्ये 'श्यूलर' म्हणजे विद्यार्थी, 'श्यूलरिन' विद्यार्थिनी. दोघांच्या पलीकडच्यांनाही सामावून घ्यायला मध्ये तारा टाकून 'श्यूलर*इनन' लिहितात. 2018 च्या अखेरीपासून सरकारी नोंदीत 'डिव्हर्स' हा तिसरा पर्यायही आहे. पण सॅक्सनीच्या शिक्षण खात्याने 2021 मध्येच शाळांना कळवलं की लिहिण्यात तारा चालणार नाही. बव्हेरियाने 2024 मध्ये शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत बंदीच घातली. त्यामुळे माझी गुरुवारी संध्याकाळची मुलं निबंधात तारा लिहितात, आणि तीच मुलं शुक्रवारी सकाळी प्रशिक्षणासाठी शाळेत आली की त्यांच्या प्रश्नपत्रिकेतला तारा खोडायचं काम माझ्याकडे. रबर एकच.

माझं मत विचाराल तर मला तारा दिसायला आवडत नाही आणि बंदी त्याहून आवडत नाही. त्यापेक्षा मला सेमिनारमध्ये फळ्यावर 'दोघे, दोघी, दोघं' लिहायला आवडतं. मराठीलाही जर्मनसारखीच तीन लिंगं. पण नवरा-बायको मिळून आली की आपण 'दोघं आली' म्हणतो, नपुंसकलिंगी. मिश्र घोळक्यासाठी पुरुषाला पुढे न करता तिसरं लिंग वापरायची सोय आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, हे मला स्वतःला जर्मन पोरांना समजावतानाच कळलं. एक मुलगा लगेच म्हणाला, मग तुमच्याकडे समानता असेल! मी म्हटलं, 'विद्यार्थी' या शब्दाचं बघ आधी, तो आमच्याकडेही पुल्लिंगीच. आणि समानतेचं पुढच्या सत्रात.

मे महिन्यात दात्सच्या वर्गाला घेऊन बाउत्सेनला गेलो, ड्रेस्डेनला गाडी बदलून. तिथे रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. गावाचंच नाव दोनदा: बाउत्सेन, खाली 'बुदिशिन'. ही सोर्बी भाषा, स्लाव्ह कुळातली. सोर्ब लोक या भागात हजारहून अधिक वर्षं राहताहेत. सोर्बीत अजून द्विवचन आहे, संस्कृतासारखं. मला हे सांगायची भारी हौस, मुलांना अजिबात नाही. त्यांना आवडलं ते हे, की लाइपझिगलाही सोर्बी नाव आहे, 'लिप्स्क', आणि जर्मन नावसुद्धा मूळचं स्लाव्हच असं बहुतेक जण मानतात. म्हणजे आमच्या शहराचं नावच बाहेरचं, की बाकीचे बाहेरचे? यावर गाडीत बराच वाद झाला, तीन भाषांत.

एका शाळेच्या दारावरची दुभाषी पाटी दाखवून मी सांगत होते की इथे मुलं सोर्बीतूनही शिकतात, कारण जर्मनीत चार अल्पसंख्य समाज कायद्याने मानले गेलेत: सोर्ब, डॅनिश, फ्रिझियन, आणि सिंती व रोमा. बोटं रंगवणारी ती मुलगी पाटीखाली उभी राहून ऐकत होती. तिच्या कुर्दीचा वर्ग आमच्याकडे नाही. दुपारचा अरबीचा आहे, तोही दुसऱ्या शाळेत. तिने हात वर केला. मी मनात मोजायला लागले, पण चारपर्यंतच पोचले.

"म्हणजे आधीपासून राहणाऱ्यांनाच?"

हो, म्हटलं. पिढ्यानपिढ्या इथे वसलेले, इथले नागरिक, स्वतःची भाषा असलेले.

"किती वर्षं राहावं लागतं?"

नागरिकत्वाला पाच, ते मला येत होतं. 2024 पासून. भाषेचं किती, ते कुठल्याच कागदावर आकड्यात लिहिलेलं नाही, तसं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मग परतीची गाडी कितीला, असं मागून कुणीतरी ओरडलं, आणि माझ्याआधी तीच ओरडली, "फिअर्टेल फिअर!" पाव-चार.